हिरव्या दिव्याआधीचा अर्धा सेकंद : डिचोलीच्या एका हौशी ड्रॅग रायडरच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेचे प्रकरण

डिचोली तालुक्यातला एक तेवीस वर्षांचा मुलगा आपल्या मामाच्या गॅरेजमध्ये तयार केलेली यामाहा आरएक्स १३५ घेऊन सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका धावपट्टीवर पहिल्या मोठ्या ड्रॅग स्पर्धेत, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्ट्यावर ठरलेले छोटे अंतर कापायच्या शर्यतीत उतरला आणि बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत हरला. ४०२ मीटरचे अंतर त्याच्या बाईकने १५.३१ सेकंदांत कापले होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाईकने १५.५२ सेकंदांत. तरीही शेवटची रेषा आधी ओलांडली ती प्रतिस्पर्ध्याने, ०.१७२ सेकंदाच्या फरकाने. ज्याची गाडी वेगवान तो हरतो कसा, हा या प्रकरणातला उघड प्रश्न आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो : त्या दिवसाबद्दल आम्ही चौघांनी जे जे आठवून सांगितले, त्यात हरण्याचे खरे कारण एकालाही का आठवले नाही?

मी उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हा मुलगा माझा माजी विद्यार्थी. वहीत नोंदी ठेवण्यासाठी त्याने मला सोबत घेतले होते. मामा, भाचा, फोनवर चित्रीकरण करणारा त्याचा मित्र आणि मी, एवढाच आमचा संघ. नावे छापू नयेत अशी सर्वांची इच्छा आहे, म्हणून नात्यांनीच त्यांचा उल्लेख करतो.

गाडीविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे. आरएक्स १३५ ही १३२ सीसीची टू-स्ट्रोक बाईक. तिचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले, पण गोव्यातल्या गॅरेजवाल्यांच्या हातांना ती अजून पाठ आहे. वजनाला हलकी, इंजिन उघडायला सोपे, आणि पोर्ट, रीड व्हॉल्व, कार्ब्युरेटर, सायलेन्सर यांत फेरफार केले की स्वभाव पार बदलणारी. मामांनी तिला एक्स्पान्शन सायलेन्सर बसवला होता, मागचे स्प्रॉकेट बदलले होते आणि नको ते सगळे सामान उतरवले होते. मामांचे काम मी जवळून पाहिले आहे. गॅस्केट बसवण्यापूर्वी हेडच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून ते खाचखळगा शोधतात, आणि सापडला तर रात्र झाली तरी चालेल, पण काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासून काढल्याशिवाय पुढे जात नाहीत. या प्रकरणात गाडीचा दोष नव्हता, हे मला सुरुवातीलाच सांगून टाकायचे आहे.

अडचण होती सरावाची. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, ज्या रस्त्यावर शाळेची मुले आणि पावाचे सायकलवाले असतात तिथे हे करायचे नाही, ही मामांची अट होती आणि भाच्याने ती एकदाही मोडली नाही. मग सराव कुठे केला? नात्यातल्या एका गृहस्थांच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत. चिरे काढून झाल्यावर उरलेला तळ सपाट होता, पण त्याची सलग लांबी जेमतेम १२० मीटर, आणि पृष्ठभागावर तांबड्या मातीचा बारीक थर. तिथे पहिला आणि दुसरा गियर होत असे, तिसरा लागेपर्यंत ब्रेक धरावे लागत. शिवाय मातीवर मागचे चाक घसरते, म्हणून क्लच पटकन सोडायचा आणि चाकाला थोडे फिरू द्यायचे, ही सवय हाताला लागली. इशारा देण्यासाठी मित्र पुढे उभा राहून हातातला रुमाल खाली आणत असे. या रुमालाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

डिसेंबरमध्ये टेम्पोत बाईक बांधून आम्ही साखळीवरून चोर्ला घाट चढलो आणि बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे असे करत पहाटे घाटमाथ्यावर पोचलो. लोणावळ्याच्या परिसराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर. डिचोलीत जुळवलेल्या कार्ब्युरेटरला ही उंची सोसत नाही. या उंचीवर हवेची घनता किनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असते, जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, मात्र तेवढेच पेट्रोल सोडत राहतो, म्हणून मिश्रण घट्ट होते आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत गुदमरते. त्याच वेळी डिसेंबरची थंड सकाळ उलट दिशेने काम करते. तापमान दहा अंशांनी उतरले की घनता सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते, आणि ऊन चढू लागले की हा फायदा तासातासाने निघून जातो. मामांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण पहिल्या धावेनंतर प्लग काढून त्याची काळी, मऊ काजळी बोटावर घेतली आणि न बोलता मुख्य जेट एक नंबर खाली उतरवला. माझ्या गणिताने दहा मिनिटे घेतली असती.

स्पर्धेची पद्धत अशी होती : आधी पात्रता फेरीच्या दोन धावा, त्यात फक्त अंतर कापायला लागलेला वेळ मोजायचा, आणि त्यावरून क्रम लागले की बाद फेरीत दोघा-दोघांना समोरासमोर सोडायचे. प्रत्येक धावेनंतर एक छोटी छापील पट्टी हातात मिळते, तिला टाइमस्लिप म्हणतात. सर्वांत वरची ओळ रिअॅक्शन टाइमची, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून पुढचे चाक प्रारंभरेषेवरचा प्रकाशकिरण सोडून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. मग पहिल्या साठ फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा वेळ. मग मधले टप्पे, पूर्ण अंतराचा वेळ आणि शेवटच्या काही मीटरांतला वेग. पूर्ण अंतराचे घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही. चाक किरणातून बाहेर पडते तेव्हा ते सुरू होते. एखादा रायडर हिरवा लागल्यावर पाच सेकंद नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंतराच्या वेळेत त्याने काहीच बिघडत नाही. पात्रता फेरीत ही गोष्ट निरुपद्रवी असते, बाद फेरीत जीवघेणी.

पहिल्या धावेत पुढचे चाक उचलले गेले. खाणीतल्या मातीवर सैल पडलेला हात धावपट्टीच्या पकडीवर तसाच चालवल्यावर दुसरे काय होणार? त्याने घाबरून थ्रॉटल सोडला, पहिल्या साठ फुटांना २.७४ सेकंद लागले आणि एकूण १६.०२. दुसऱ्या धावेत जेट बदललेला होता, शरीर टाकीवर पुढे झुकवलेले होते, साठ फूट २.३८ मध्ये झाले आणि एकूण १५.४४. सुरुवातीच्या साठ फुटांत वाचलेला दशांश शेवटी दीडपट होऊन परत येतो असे ड्रॅगवाले म्हणतात, ते इथे जवळपास तंतोतंत दिसले : सुरुवातीला ०.३६ वाचले, शेवटी ०.५८. आम्ही फार आनंदलो होतो. मित्राने ती पट्टी घरी फोटो काढून पाठवली. त्या पट्टीच्या वरच्या ओळीत रिअॅक्शन टाइम ०.८० छापलेला होता, आधीच्या पट्टीत ०.९१, आणि या दोन आकड्यांकडे आमच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते. वहीत त्या रकान्यात मी स्वतः दोन्ही वेळा नुसती आडवी रेघ मारली आहे.

दुपारी लढत झाली. आमच्या मुलाचा रिअॅक्शन टाइम ०.७८४, साठ फूट २.३३, एकूण १५.३१, वेग ताशी १३२ किलोमीटर. समोरच्याचा रिअॅक्शन टाइम ०.४०२, एकूण १५.५२. बेरीज केली तर हिरव्या दिव्यापासून रेषेपर्यंत आमचे १६.०९४ आणि त्याचे १५.९२२. ताशी १३२ च्या वेगाला ०.१७२ सेकंद म्हणजे सव्वासहा मीटर. तेवढ्या अंतराने आपली बाईक मागे राहिलेली आम्ही कुंपणापलीकडून पाहिली.

परतीच्या वाटेवर निपाणीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी प्रत्येकाला एकेकटे बाजूला घेऊन काय झाले ते सांगायला लावले आणि शब्दशः उतरवले. हे मी का केले हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित टेम्पोतली शांतता सहन होत नव्हती म्हणून. मामा म्हणाले, "जेट आणखी एक नंबर उतरवायला हवा होता. ऊन चढलं होतं, माझ्या लक्षात यायला हवं होतं." मित्र म्हणाला, "समोरच्याची गाडी वरच्या गटातली असणार, आपल्याला फसवलं." या म्हणण्याला काहीही आधार नव्हता, तपासणीत दोन्ही इंजिने मोजली गेली होती. भाचा म्हणाला, "सर, हिरवा दिसला आणि मी सुटलो, सुरुवात एकदम कडक झाली. पण तिसऱ्या गियरला ती दमली. मला हाताला जाणवलं." माझी स्वतःची आठवण अशी होती की शेवटच्या शंभर मीटरांत आपली बाईक मागे पडत गेली.

यातली एकही गोष्ट खरी नव्हती. छापील पट्टीवरचे मधले टप्पे पाहिले तर तिसऱ्या गियरमध्ये आमची बाईक समोरच्याचे अंतर खात होती, आणि शेवटच्या शंभर मीटरांत तर सर्वांत वेगाने. मी मागे पडताना पाहिली असे मला वाटले ती बाईक प्रत्यक्षात जवळ येत होती. हौशी रायडरांच्या पहिल्या स्पर्धेच्या आठवणी मी त्यानंतर बऱ्याच ऐकल्या आहेत आणि त्यांत एक सारखेपणा मला दिसतो. जिथे आवाज मोठा, अंगाला धक्का मोठा, तिथे आठवण जाऊन बसते. गियर अडकला, चाक उचलले, इंजिन दमले. उभे राहण्यात गेलेला वेळ कोणाला आठवत नाही, कारण त्या वेळात आठवण्यासारखे काही घडलेलेच नसते.

खरे कारण आम्हाला मित्राच्या चित्रीकरणात सापडले, आणि तेही आठवड्याने. तो प्रारंभरेषेच्या मागे कुंपणाशी तिरका उभा होता, त्यामुळे दिव्यांचा खांब, मुलाचा डावा हात आणि पुढचे चाक ही तिन्ही एका चौकटीत आली होती. फोन सेकंदाला तीस चित्रे घेतो. मी ती एक-एक करून मोजली. हिरवा दिवा लागल्यापासून क्लचवरची बोटे हलेपर्यंत आठ चित्रे, म्हणजे सुमारे ०.२७ सेकंद. बोटे हलल्यापासून चाक जागचे हलेपर्यंत आणखी सात चित्रे, सुमारे ०.२३. एवढ्यातच अर्धा सेकंद झाला. पट्टीवर ०.७८४ होते, म्हणजे उरलेला ०.२८ सेकंद चाकाला जागेवरून हलून प्रकाशकिरणातून बाहेर पडायला लागला होता.

या तीन तुकड्यांपैकी पहिला माणसाचा आहे. दिसलेल्या गोष्टीला हाताने उत्तर द्यायला धडधाकट माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास लागतोच. दुसरा तुकडा गाडीचा, खरे तर क्लचच्या तारेचा. तारेत ढिलाई होती आणि क्लच पकडायचा तो लिव्हर जवळजवळ पूर्ण सुटल्यावर. रोजच्या वापरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिसरा तुकडा चाक किरणाच्या किती मागे उभे केले होते त्यावर अवलंबून. रेषेवर दोन छोटे दिवे असतात, पहिला जवळ आल्याचा, दुसरा जागेवर आल्याचा. दुसरा दिवा लागताक्षणी थांबले तर चाकाला किरणातून बाहेर पडायला जास्त अंतर मिळते, आणखी इंच-दोन इंच सरकून थांबले तर कमी. आमचा मुलगा दिवा लागताच थिजल्यासारखा थांबला होता.

पण सगळ्यात मोठी चूक या तिन्हींच्या आधीची होती. त्या स्पर्धेत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरत लागत आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. ही लय आधीपासून ठाऊक असते. म्हणून सरावलेला रायडर हिरव्याची वाट पाहत नाही, शेवटचा पिवळा लागतानाच क्लच सोडू लागतो, म्हणजे स्वतःचा, तारेचा आणि चाकाचा उशीर त्या अर्ध्या सेकंदात जिरून जातो. आमच्या मुलाचा एकूण उशीर ०.७८४ होता. काहीही न सुधारता, तोच ढिला क्लच आणि तेच थिजलेले चाक घेऊन, तो शेवटच्या पिवळ्यावर सुटला असता तर त्याचा रिअॅक्शन टाइम ०.२८४ झाला असता, हिरव्यापासून रेषेपर्यंत १५.५९४, आणि तीच लढत त्याने जवळजवळ तृतीयांश सेकंदाने जिंकली असती. तो थांबला, कारण चिरेखाणीतल्या रुमालाने त्याला थांबायला शिकवले होते. रुमाल एकदाच खाली येतो. त्याच्या आधी मोजता येईल अशी लय नसते.

इथे थोडे इतिहासात डोकावण्यासारखे आहे. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून निशाण हलवणारा माणूसच सुरुवात करून देत असे. रायडर निशाणाकडे न पाहता त्याच्या खांद्याकडे, गुडघ्याकडे पाहून अंदाज घेत. दिव्यांचा खांब आला तो १९६३ मध्ये. आमचा सराव त्या अर्थाने १९६३ च्या आधीचा होता आणि स्पर्धा त्यानंतरची.

चित्रीकरण भाच्याला दाखवले तेव्हा गॅरेज बंद झाले होते. शटर अर्धे ओढलेले, फोन बॅटरीच्या खोक्याला टेकवून ठेवलेला. त्याने ते तुकड्या-तुकड्याने किती वेळा पाहिले ते मी मोजले नाही. हिरवा दिवा, आणि त्याची बोटे क्लचवर तशीच. हिरवा दिवा, आणि बोटे तशीच. शेवटी म्हणाला, "सर, मी उभा आहे. सगळं झालंय आणि मी नुसता उभा आहे." मामा पाठमोरे उभे होते. जेटची डबी उघडून त्यांनी तो एक नंबर खालचा जेट पुन्हा तिच्यात टाकला. स्पर्धेपासून तो त्यांनी शर्टच्या खिशात ठेवला होता.

त्यानंतर आम्ही दिव्यांचा खांब स्वतः तयार केला. पीव्हीसीच्या पाइपला बसच्या टेल लॅम्पचे तीन पिवळे दिवे, एक हिरवा, एक लाल, आणि वेळ सांभाळायला एक छोटा आर्डुइनो बोर्ड. रेषेवर खेळण्यातला लेझर आणि समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर. सगळा खर्च एका चांगल्या टायरच्या किमतीतही बसला. क्लचची तार मामांनी नव्याने जुळवली, जेणेकरून बोटे किंचित हलताच पकड सुरू व्हावी. जूनमध्ये चिरेखाण पाण्याने भरली आणि चारही महिने बाईक हलवणे अशक्य झाले, तेव्हा खांब गॅरेजमध्ये आणला आणि क्लच लिव्हरला एक स्विच लावून नुसत्या हाताचा सराव सुरू केला. पत्र्यावर पाऊस, आत बंद इंजिनावर पुढे झुकून बसलेला मुलगा, आणि पिवळा-पिवळा-पिवळा. रोज रात्री पन्नास वेळा. हाताचा उशीर पहिल्या आठवड्यात सरासरी ०.३१ होता, चवथीपर्यंत ०.२१ वर आला. सरासरीपेक्षा मला त्यातला सारखेपणा मोलाचा वाटला, कारण पहिल्या आठवड्यात एकच हात ०.२२ आणि ०.४५ असा कुठेही जात होता. एखाद्या रात्री आकडे बिघडले की तो स्वतःच म्हणे, "आज डोळा हिरव्यावर जातोय," आणि हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी लावून पुढचे पन्नास करी.

मी या सरावात एक चूक केली, ती नोंदवून ठेवतो. उशीर कमी होतोय या आनंदात मी त्याला आणखी कमी, आणखी कमी असेच सांगत राहिलो. पावसानंतर खाण वाळली आणि पूर्ण गाडीसह मोजमाप घेतले तेव्हा उशिरातला क्लचचा तुकडा जवळपास नाहीसा झाला होता, चाक तो आता किरणाच्या अगदी काठावर आणून थांबवत होता, आणि एकूण उशीर अर्ध्या सेकंदाच्या कडेला येऊन ठेपला होता. शेवटच्या पिवळ्यावर सुटणाऱ्याचा एकूण उशीर अर्ध्या सेकंदाच्या खाली गेला की चाक हिरव्याआधी बाहेर पडते आणि लाल दिवा लागतो, म्हणजे रायडर बाद. तिथे चाक थोडे मागे उभे करायला शिकवणे हे माझे काम होते. ते मी केले नाही.

पुढच्या डिसेंबरमध्ये पात्रता फेरीत त्याचा रिअॅक्शन टाइम एकदा ०.०३८ आणि एकदा ०.०१२ आला. पट्टी हातात पडताच चौघांच्याही माना आता वरच्या ओळीवर झुकत होत्या. लढतीत तो रेषेवर आला, दुसरा दिवा लागला, आणि तिसऱ्या पिवळ्याबरोबर बाईक सुटली. ती इतकी सुंदर सुटली की मित्र ओरडलाच. १४.८७ सेकंद, त्याची आजवरची सर्वांत जलद धाव, आणि खांबावर त्याच्या बाजूला लाल.

परतीच्या मार्गिकेवरून तो बाईक ढकलत आला. हेल्मेट काढले नव्हते. स्लिप अजून माझ्याच हातात होती आणि त्याला काहीही दाखवलेले नव्हते.

"सर, लवकर सुटलो ना? वीस हजारांश असेल."

पट्टीवर उणे ०.०२१ होते.